त्या घरात मुले किती होती?

गेल्या वर्षी जुलै महिन्यात आमच्या धर्मग्रामात विवाहित दांपत्यांचा मेळावा भरला होता. ७ जुलै हा पोलंडमधील धन्यवादित युझेफ व विक्तोरिया उल्मा आणि त्यांच्या मुलांचा स्मृतिदिन. हे निमित्त साधून आम्ही मिस्साबलीतील प्रवचनात त्या कुटुंबाची कथा सांगितली. यहुदी शेजाऱ्यांना आपल्या घरात आसरा दिला म्हणून नाझी पोलिसांनी या दांपत्याला त्यांच्या सर्व मुलांसह ठार केले, हे ऐकताना मंदिरात विलक्षण शांतता पसरली होती. प्रवचन चांगले झाले, असे आम्हाला वाटले.

दुपारच्या जेवणाच्या वेळी एक तरुण माता, कडेवर मूल घेऊन, आमच्यापाशी आली. म्हणाली, “फादर, आईबापांनी ठरवलं आणि ते मेले, हे समजतं. पण त्या सात पोरांना कुणी विचारलं होतं?”

आम्ही श्रद्धा, त्याग, स्वर्गीय मुकुट असे काहीबाही बोललो. ती नम्रपणे ‘हो फादर’ म्हणून निघून गेली. आमचे उत्तर तिला पटले नव्हते आणि खरे सांगायचे तर आमचेही समाधान झाले नव्हते. त्यानंतर आम्ही ती हकीकत पुन्हा मुळापासून वाचून काढली. तेव्हा आमच्या प्रवचनातच एक मोठी उणीव राहून गेल्याचे ध्यानात आले. ती कोणती, हे शेवटी सांगू. प्रथम हकीकत पाहू.

आग्नेय पोलंडमध्ये वाइन्त्सुत शहरापासून जवळच मार्कोवा नावाचे मोठे खेडे आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथे सुमारे साडेचार हजार लोक राहत. त्यांत सुमारे १२० यहुदी होते. बाकीचे बहुतेक कॅथोलिक शेतकरी. आपल्या कोकणात बेने इस्राएली मंडळी ‘शनवार तेली’ म्हणून गावकऱ्यांच्या परिचयाची होती. शनिवारी त्यांचा घाणा बंद असतो, यापलीकडे त्यांच्या वेगळेपणाची कोणी फारशी दखल घेत नसे. मार्कोवातले यहुदीही असेच शेजारी होते. बांधाला बांध लागलेला, एकमेकांच्या घरच्या सुखदुःखाची वार्ता असलेली माणसे.

युझेफ उल्मा यांचा जन्म २ मार्च १९०० रोजी याच गावी झाला. शालेय शिक्षण बेताचेच. पण ज्ञानाची भूक मोठी. पुढे त्यांनी शेतकी शाळेत शिक्षण घेतले. गावात फळझाडांची आणि भाज्यांची सुधारित लागवड त्यांनी करून दाखविली. मधमाश्या पाळल्या, रेशमाचे किडे वाढविले आणि त्याबद्दल १९३३ साली जिल्हा प्रदर्शनात बक्षीसही मिळविले. स्वतःच्या हाताने एक लहानशी पवनचक्की उभारून त्यांनी घरात विजेचा दिवा लावला. तरुणांच्या संघटनेत ते ग्रंथपाल होते. छायाचित्रणाचा तर त्यांना ध्यासच होता. गावातील लग्ने, सुगी, शाळकरी मुले आणि विशेषतः स्वतःची पत्नी व मुले यांची असंख्य छायाचित्रे त्यांनी टिपली. त्यांतली पुष्कळशी आजही उपलब्ध आहेत.

७ जुलै १९३५ रोजी त्यांचा विवाह विक्तोरिया नियेम्चाक हिच्याशी झाला. ती त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान होती. गावच्या हौशी नाटकमंडळीत तिने नाताळच्या नाटकात पवित्र मरियेची भूमिका केली होती. लग्नानंतरच्या सात-आठ वर्षांत या दांपत्याला सहा अपत्ये झाली: स्तानिस्वावा, बार्बारा, व्वादिस्वाव, फ्रान्चिशेक, आंतोनी आणि मारिया. युझेफच्या छायाचित्रांत ही मुले चुलीपाशी, गवतात, आईच्या मांडीवर दिसतात. एका छायाचित्रात आई थोरलीला लिहायला शिकवीत आहे. अधिक जमीन मिळावी म्हणून त्यांनी पूर्वेकडे दूरवर पाच हेक्टर शेत विकत घेतले होते आणि तेथे बिऱ्हाड हलविण्याचा बेत होता. पण १९३९ साली युद्ध पेटले आणि बेत जागच्या जागी राहिला.

युद्धापूर्वी पोलंडमध्ये ३३ लाखांच्या आसपास यहुदी राहत होते. नाझी राजवटीने त्यांतील सुमारे ३० लाखांचा संहार केला. या संहाराला आडकाठी येऊ नये म्हणून एक कायदा करण्यात आला. पोलंडच्या व्याप्त प्रदेशाचा जर्मन गव्हर्नर हान्स फ्रांक याने १५ ऑक्टोबर १९४१ रोजी हुकूम काढला की, नेमून दिलेली वस्ती सोडून बाहेर पडणाऱ्या यहुद्याला मृत्युदंड होईल आणि त्याला जाणूनबुजून आसरा देणाऱ्यालाही तीच शिक्षा होईल. प्रत्यक्षात ही शिक्षा अनेक ठिकाणी आसरा देणाऱ्याच्या संपूर्ण कुटुंबाला भोगावी लागली.

या कायद्यातील क्रौर्य कुठे आहे, ते वाचकांनी नीट पाहावे. त्याने दार अडविण्यासाठी शिपाई ठेवला नाही. त्याने आईबापांची मायाच दारावर पहाऱ्याला बसविली. बाहेर कोणी टकटक करावी आणि आत निजलेल्या लेकरांकडे पाहून आईनेच कडी घालावी, अशी ती योजना होती. बहुसंख्य घरांत ती सफल झाली. त्या घरांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. भयाने दार न उघडणे वेगळे आणि दाराबाहेरच्या माणसाला पकडून देणे वेगळे.

१९४२ च्या उन्हाळ्यात मार्कोवा आणि आसपासच्या यहुद्यांना गोळा करून नेण्यात आले. जे लपून राहिले व सापडले, त्यांना गावाबाहेर जनावरे पुरण्याच्या जागी गोळ्या घालण्यात आल्या. ही जागा उल्मा यांच्या घरापासून दिसत असे. एक दुःखद सत्यही येथे नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात जर्मनांच्या हुकुमावरून मार्कोवातील काही गावकरी लपलेल्या यहुद्यांच्या शोधासाठी बाहेर पडले होते. पकडून देणारे आणि लपविणारे एकाच गावचे, एकाच मंदिरात गुडघे टेकणारे होते.

त्या वर्षाच्या उत्तरार्धात उल्मा यांच्या दारी आठ माणसे आली. वाइन्त्सुतचे गुरांचे व्यापारी साऊल गोल्डमन, हे वृद्ध गृहस्थ आणि त्यांचे चार प्रौढ पुत्र. मार्कोवातीलच, उल्मा यांच्या शेजारी राहिलेल्या यहुदी घराण्यातील दोघी बहिणी, गोल्दा ग्रुनफेल्ड आणि लेआ दिद्नेर. आणि लेआची लहान मुलगी रेश्ला.

घर लाकडी आणि लहान होते. पाहुणे पोटमाळ्यावर झोपत. उल्मा कुटुंबाची आठ आणि ही आठ, अशी सोळा माणसे एका चुलीवर जगू लागली. उल्मांची धाकटी मारिया नुकती जन्मली होती. साऊलचे मुलगे युझेफला कातडी कमावण्याच्या कामात मदत करीत. सोळा माणसांचे अन्न, सोळा माणसांचे पाणी, सोळा माणसांचे धुणे, आणि बाहेर कोणाला संशय येऊ नये ही काळजी. दीड वर्षाच्या आसपास हा संसार चालला. हौतात्म्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक क्षण येतो: तलवार, गोळी, मुकुट. पण येथे हौतात्म्य आधी पीठ मळण्यात होते, पाण्याच्या बादल्यांत होते. विक्तोरियाने प्रत्येक सकाळी उठून पुन्हा सोळा जणांसाठी चूल पेटविली, याचा अर्थ प्रत्येक सकाळी तिने तोच निर्णय पुन्हा घेतला.

हे बळ कोठून आले? उल्मा यांच्या घरी बायबलमधील कथांचे एक पुस्तक सापडले. त्यात दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यापाशी लाल पेन्सिलीने खूण केलेली असून शेजारी पोलिश भाषेत एकच शब्द लिहिलेला आहे: ‘होय’. हा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. मात्र शोमरोनी मनुष्य प्रवासात होता, एकटा होता. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत पोहोचविले, दोन नाणी दिली आणि परत येण्याचे वचन देऊन तो पुढे गेला. उल्मा दांपत्याला पुढे जाण्याची सोय नव्हती. त्यांचे घरच उतारशाळा झाले होते आणि त्या उतारशाळेत त्यांची सहा लेकरे होती.

घात झाला तो बाहेरून. गोल्डमन कुटुंबाने आपली काही मालमत्ता वाइन्त्सुतच्या पोलिस दलातील व्वोजिमेश लेश नावाच्या शिपायाकडे विश्वासाने ठेवली होती. ती परत करण्याची त्याची इच्छा नव्हती. त्यानेच जर्मनांना खबर दिली असावी, असे मानले जाते.

१९४४ च्या २३ मार्चच्या रात्री आसपासच्या गावांतून चार गाडीवानांना आपल्या घोडागाड्या घेऊन वाइन्त्सुतच्या पोलिस ठाण्यावर हजर राहण्याचा हुकूम झाला. कशासाठी, हे त्यांना सांगितले नव्हते. जर्मन लेफ्टनंट आयलर्ट डीकेन याच्या नेतृत्वाखाली काही जर्मन आणि काही पोलिश पोलिस त्या गाड्यांतून निघाले व पहाटेपूर्वी मार्कोवाला पोहोचले. दिवस २४ मार्च, प्रायश्चित्तकाळातील शुक्रवार. दुसऱ्या दिवशी देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाचा सण होता.

प्रथम पोटमाळ्यावर झोपलेल्या गोल्दाला आणि गोल्डमन बंधूंपैकी दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे रक्त फळ्यांच्या फटींतून खाली ठिबकले आणि खाली असलेल्या, यहुदी स्त्रियांच्या एका छायाचित्रावर पडले. ते डागाळलेले छायाचित्र आजही जपून ठेवले आहे. मग उरलेल्या यहुद्यांना मारण्यात आले. त्यांत लेआ होती आणि रेश्लाही होती. त्यानंतर युझेफ आणि विक्तोरिया यांना घरापुढे आणून, गाडीवानांच्या डोळ्यांदेखत ठार केले. विक्तोरिया गरोदर होती. दिवस भरत आले होते.

मुले रडू लागली. त्यांचे काय करावे, याविषयी पोलिसांत क्षणभर बोलणे झाले आणि डीकेनने मुलांनाही मारण्याचा हुकूम दिला. थोरली स्तानिस्वावा सात वर्षांची होती. मारिया दीड वर्षाची. योझेफ कोकोट नावाच्या पोलिसाने त्यांतील काहींना स्वतः गोळ्या घातल्या. मग घर लुटण्यात आले आणि मारेकरी दारू प्याले.

गावप्रमुखाला माणसे घेऊन खड्डा खणण्यास सांगण्यात आले. त्याने विनवणी केल्यावर ख्रिस्ती व यहुदी मृतांसाठी दोन वेगळे खड्डे खणण्याची परवानगी मिळाली. काही दिवसांनी गावातील काही पुरुषांनी, सक्त मनाई असूनही, रात्रीच्या अंधारात उल्मांची प्रेते उकरून शवपेट्यांत ठेवली. तेव्हा विक्तोरियाच्या बाळाचा जन्म तिच्या अखेरच्या क्षणी सुरू झाला होता, असे त्यांना दिसले. १९४५ च्या जानेवारीत उल्मा कुटुंब मार्कोवाच्या दफनभूमीत विसावले. आठ यहुद्यांचे अवशेष १९४७ साली नाझी अत्याचारांत बळी पडलेल्यांच्या दफनभूमीत हलविण्यात आले.

मारेकऱ्यांचे काय झाले? लेश याला पोलिश भूमिगत सैनिकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ठार केले. कोकोट पकडला गेला. १९५८ साली त्याला मृत्युदंड झाला, पुढे तो कमी करण्यात आला आणि १९८० साली तो तुरुंगात मरण पावला. डीकेनवर मात्र कधी खटलाच चालला नाही. युद्धानंतर तो जर्मनीत पोलिस खात्यात नोकरी करीत राहिला आणि १९६० साली मरण पावला.

आता गावाकडे पाहू. एका पहाटे एका अंगणात सोळा प्रेते पडली. भीतीचा पाठ याहून उघड कसा द्यावा? आणि तरीही त्याच मार्कोवात इतर शेतकऱ्यांच्या घरी लपलेले सुमारे २० यहुदी युद्ध संपेपर्यंत जिवंत राहिले. आंतोनी आणि दोरोता शिलार यांच्याकडे वेल्त्स कुटुंबातील सात माणसे होती. युझेफ आणि युलिया बार यांच्याकडे रीझेनबाख कुटुंबातील पाच. त्या घरांतही लहान मुले होती. २४ मार्चच्या सकाळी उल्मांच्या अंगणातील वार्ता ऐकून त्या आया काय म्हणाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. पण पाहुण्यांना त्यांनी बाहेर काढले नाही.

१३ सप्टेंबर १९९५ रोजी जेरुसलेम येथील याद वाशेम या संस्थेने युझेफ आणि विक्तोरिया यांना ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ हा सन्मान मरणोत्तर दिला. यहुद्यांना वाचविण्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या २८ हजारांहून अधिक व्यक्तींची नावे आज त्या यादीत आहेत आणि त्यांत पोलंडची सात हजारांहून अधिक, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा जास्त आहेत. २०१६ साली मार्कोवात या कुटुंबाच्या नावाने संग्रहालय उघडले. १० सप्टेंबर २०२३ रोजी मार्कोवा येथेच कार्डिनल मार्चेल्लो सेमेरारो यांच्या अध्यक्षतेखाली संपूर्ण कुटुंबाला धन्यवादितांच्या पंक्तीत बसविण्यात आले. आईबाप व मुले अशा अख्ख्या कुटुंबाला एकाच वेळी हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. सातव्या बाळाला नाव नव्हते, स्नानसंस्कार नव्हता. त्याविषयी रोममधून खुलासा करण्यात आला की, हे बाळ आईच्या हौतात्म्याच्या समयी जन्मले व बेथलेहेमच्या निरागस बालकांप्रमाणे त्याला रक्ताचा स्नानसंस्कार लाभला.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे येऊ. मुलांना कुणी विचारले होते?

पहिली गोष्ट ही की, हा प्रश्न विचारताना आपल्या नकळत एक अदलाबदल होते. मुलांना गोळ्या घालणारे हात डीकेनचे आणि कोकोटचे होते. आपण मात्र चौकशी करतो ती भाकरी वाढणाऱ्या हातांची. नाझी कायद्याला हेच हवे होते: खुनाचा दोष खुन्यावरून सरकून यजमानावर यावा. शिलार आणि बार यांची मुले जगली, म्हणून त्यांच्या आईबापांना आपण असा प्रश्न विचारीत नाही. धोका मात्र तिन्ही घरांत सारखाच होता. आपण निर्णयाचा न्याय परिणामावरून करीत असतो.

दुसरी गोष्ट. आईबाप मुलांना विचारून घराचा धर्म ठरवीत नाहीत. मुलांचा स्नानसंस्कारही आपण त्यांना न विचारता करतो. दारी आलेल्या माणसाशी आपले घर कसे वागते, हे मूल पाहत असते. खिडकीतून दिसणाऱ्या त्या पुरण्याच्या जागेबद्दल स्तानिस्वावाने विचारले असते, तर तिला काय सांगायचे? दार बंद ठेवलेल्या घरातही मुले वाढतात आणि त्यांनाही काहीतरी शिकवले जातेच. याने प्रश्न मिटतो, असे आम्ही म्हणत नाही. दीड वर्षाच्या मारियाचे छायाचित्र पाहताना कोणताही युक्तिवाद तोकडा पडतो.

पण तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची आहे आणि तिच्याचसाठी हा लेख लिहिला. त्या मातेने ‘सात पोरे’ म्हटले, कारण आम्ही प्रवचनात सात म्हटले होते. पुन्हा वाचताना लक्षात आले की, त्या घरात मुले आठ होती. आठवी रेश्ला. तिलाही कुणी विचारले नव्हते. तिच्या आईलाही कोणी निवड दिली नव्हती. आम्ही मंदिरात यजमानांची नावे एकेक करून घेतली आणि पाहुण्यांना ‘आठ यहुदी’ या दोन शब्दांत गुंडाळले. ज्यांच्यासाठी उल्मांनी सर्वस्व दिले, तीच माणसे आमच्या कथेत बिनचेहऱ्याची झाली.

ही चूक केवळ एका धर्मगुरूच्या विसराळूपणाची नाही. आपल्या ख्रिस्ती जगाने शतकानुशतके यहुद्यांकडे शेजारी म्हणून पाहिले नाही. शुभशुक्रवारच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी वापरला जाणारा अवमानकारक शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे जाहीर केले की, प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर लादता येणार नाही. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल रोममधील यहुदी सभास्थानात गेले आणि त्यांनी यहुद्यांना आपले थोरले बंधू म्हटले. सेमिनरीत हे सारे आम्ही अभ्यासले होते. विक्तोरियाला मात्र यांतील काहीच उपलब्ध नव्हते. तिने परिषदेच्या वीस वर्षे आधी आपल्या चुलीपाशी ते ओळखले होते. तिने लेआला वाढले, तेव्हा रेश्लालाही वाढले आणि त्या घरात मुले मोजताना ती आठवीला वगळीत नसावी.

त्या मातेला सांगण्यासारखे आमच्याजवळ आता एवढेच आहे. उल्मांनी आपल्या मुलांचा जीव पणाला लावला, हे खरे. पण तो कशासाठी लावला, याचे उत्तर एखादे तत्त्व नव्हते. पोटमाळ्यावर झोपलेली एक लहान मुलगी होती. दुसऱ्याचे मूलही मूलच आहे, हे मान्य केले की मग त्या आईबापांपुढे कोणता मार्ग उरला होता, हा प्रश्न आपण प्रत्येकाने आपल्या घरी, आपली मुले झोपल्यावर, स्वतःला विचारावा. आमच्यापाशी त्याचे सोपे उत्तर नाही.

वेदीवर नऊ नावे आहेत. मार्कोवाच्या त्या अंगणात, जन्मू पाहणाऱ्या बाळासह, सतरा जीव गेले. येत्या ७ जुलैला प्रवचन करताना आम्ही सतराही जणांसाठी मेणबत्त्या लावणार आहोत आणि ज्यांची नावे ठाऊक आहेत, त्या सर्वांची नावे घेणार आहोत: साऊल, बारुख, मेखेल, योआखिम, मोयझेश, गोल्दा, लेआ, रेश्ला, युझेफ, विक्तोरिया, स्तानिस्वावा, बार्बारा, व्वादिस्वाव, फ्रान्चिशेक, आंतोनी, मारिया, आणि ज्याला नाव मिळाले नाही ते बाळ. ती माता मंदिरात असेल तर तिने या वेळी मुले मोजावीत. ती आठ भरतील.